बाणाची काडी

वऱ्हाडांतील वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसे'त विदर्भांतील या नगराला मदनाचें क्रीडास्थान म्हटलें आहे. मदन हा फुलांच्या बाणांचा धनी, आणि त्याचे बाण काव्यांत अद्यापहि ताजे आहेत. परंतु याच नगरांतून वाकाटकांच्या एका शाखेनें राज्य केलें. आणि राज्यें कांहीं फुलांच्या बाणांनीं राखलीं जात नाहींत. मग त्या काळचे खरे बाण गेले कोठें?

१९३९ सालीं वाशीम येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचीं ताम्रपत्रें सांपडलीं. तांबें दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकलें. बाणाचें लोखंडी टोंकहि, गंजून कां होईना, मागें उरतें. काडी मात्र थोड्याच पावसाळ्यांत मातीस मिळते. त्यामुळें उत्खननांत टोंकें हातीं लागतात आणि पाहणारास वाटतें कीं, बाण म्हणजे टोंकच.

भाषेची साक्ष निराळी आहे. संस्कृतांत 'शर' म्हणजे बाण, आणि 'शर' म्हणजे बोरूसारखें उंच गवतहि. 'कांड' म्हणजे दोन पेरांमधील भाग, आणि बाणहि. सबंध लोखंडी बाणास मात्र 'नाराच' असें वेगळें नांव द्यावें लागलें. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत बाणांचे प्रकार सांगतांना वेणु आणि शर यांचीं नांवें आरंभींच घेतलीं आहेत. टोंकें लोखंडाचीं, हाडाचीं किंवा लांकडाचीं चालत. इ. स. पूर्वी ४८० मध्यें ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी सैन्यांतील हिंदी धनुर्धाऱ्यांचे बाणहि वेताचे व लोखंडी टोंकांचे होते, असें हिरोडोटस लिहितो.

जेथें वेळू किंवा बोरू नाहीं, तेथें झुडपांचे सरळ फोक कामीं येत. १९९१ सालीं आल्प्स पर्वताच्या बर्फांत सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीचें एक प्रेत सांपडलें. त्याच्या भात्यांत १४ बाण होते. त्यांपैकीं पुरे झालेले अवघे दोन. बाकीच्या बारा काड्या अर्धवट घडविलेल्या होत्या.

यांत नवल नाहीं; कारण हें काम सावकाशीचें आहे. बुंध्यापासून सरळ फुटलेला धुमारा प्रथम निवडावा. तो उन्हांत भरभर वाळला तर भेगा पडतात. म्हणून जुडी बांधून त्यास महिनेच्या महिने सावलींत ठेवावें. नंतर साल तासावी, वांकडा भाग निखाऱ्यावर ऊन करून हातानें सरळ करावा, आणि निवेपर्यंत तसाच धरून ठेवावा. मग एक डोळा मिटून काडी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न्याहाळावी, आणि बांक दिसल्यास पुन्हा निखाऱ्याकडे वळावें. करवतीनें कापलेल्या लांकडांत तंतू मध्येंच तुटण्याचें भय असतें. फोकांत ते अखंड राहतात. प्रत्यंचेचा धक्का बसतांच काडी क्षणभर वांकते. तंतू तुटके असतील, तर ती धनुर्धाऱ्याच्याच हातांत मोडून त्यास जखमी करील. शिवाय भात्यांतील सर्व काड्या सारख्याच लवचीक हव्यात. नाहींतर तोच नेम धरूनहि प्रत्येक बाण निराळ्या दिशेस जाईल. अर्थात् ज्या अचूक नेमाची कीर्ति धनुर्धाऱ्यास मिळाली, तिचा मोठा वांटा काडी घडविणाराचा होता.

हें काम करणारांची स्वतंत्र जातच होती. 'तीरगर' या नांवांतच तिचा धंदा सांगितलेला आहे. पुढें बंदूक आली आणि लढाईंतून बाण हटला. तरी १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्यानें तरवारी-भाल्यांबरोबर धनुष्यबाणहि शस्त्रांत गणले. ज्यांनीं हें शस्त्र घडविलें, त्यांची गणना मात्र समाजानें आपल्या उतरंडीच्या तळाशीं केली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादींत 'तीरगर, तीरबंदा' हीं नांवें आजहि आहेत. राजाचें दान तांब्यावर कोरलें गेलें, म्हणून तें वाचतां येतें. कारागिराचें काम काडीवर झालें आणि काडीबरोबरच नाहींसें झालें. त्याची नोंद उरली ती एवढ्या दोन शब्दांत.