प्रवर्तनाधिष्ठित ऊर्जा व माहिती वहन : फॅरेडे ते ई-पारपत्र

प्रस्तावना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. कारखान्यांच्या या वसाहतीत पुढे माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आली, तसेच पारपत्र सेवा केंद्रही सुरू झाले. ई-पारपत्राच्या आवरणात बॅटरी नसलेली चिप असते. तिला ऊर्जा कोठून मिळते व त्या ऊर्जेच्या मर्यादेने या तंत्राचा इतिहास कसा घडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्वाची वाटचाल

इ. स. १८३१ मध्ये फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. एका कुंडलातील बदलत्या प्रवाहामुळे शेजारच्या कुंडलात विद्युतदाब निर्माण होतो. १८९४ मध्ये ह्युटिन व लेब्लाँ यांनी याच तत्त्वावर वाहनांना वीज पुरविण्याचे एकस्व मिळविले. ऊर्जेबरोबर माहितीही नेण्याची कल्पना १९७३ मध्ये कार्डुलो व वॉल्टन यांच्या स्वतंत्र एकस्वांतून पुढे आली.

ऊर्जा आणि माहिती यांतील संघर्ष

ई-पारपत्राचे वाचकयंत्र १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत असल्याने वाचन सुमारे १० सेंटिमीटरच्या आतच शक्य होते. चिप स्वतः काहीही प्रक्षेपित करीत नाही. ती आपल्या कुंडलावरील भार बदलते आणि तो बदल वाचकयंत्र टिपते. येथेच मूळ अडचण उद्भवते. जे क्षेत्र ऊर्जा देते, तेच माहितीसाठी बदलावे लागते. आंतरराष्ट्रीय मानक १४४४३ च्या 'अ' प्रकारात वाचकयंत्राकडून संदेश जाताना क्षेत्र क्षणमात्र खंडित होते; 'ब' प्रकारात ते केवळ सुमारे १० टक्क्यांनी घटते व पुरवठा अखंड राहतो. सांकेतिकीकरणाची गणितेही याच तुटपुंज्या ऊर्जेत करावी लागतात.

महाराष्ट्राचा सहभाग

२००८ मध्ये देशातील पहिले ई-पारपत्र तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आले. पारपत्रांचे मुद्रण नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात होते. सामान्य नागरिकांसाठी ही योजना १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. प्रारंभीच्या केंद्रांत नागपूरचा समावेश होता. २०२५ मध्ये ती देशभर विस्तारली.

निष्कर्ष

या तंत्राचा इतिहास बहुधा स्मृतिक्षमतेच्या वाढीचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो ऊर्जेच्या काटकसरीचा इतिहास आहे. नागरिकाच्या खाजगी माहितीची सुरक्षितता अखेर काही मिलिवॅटमध्ये किती गणित करता येते, यावर अवलंबून असते. म्हणूनच या विषयाचे अध्यापन पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र व नागरिकशास्त्र यांच्या समन्वयाने होणे अगत्याचे आहे.