न दिसणाऱ्या वाटेचा शोध

मुतखड्याची कथा आपल्याकडे जुनी; तो मुलांत अधिक होतो, हे सुश्रुतानेच लिहून ठेवले आहे. पण एखादे बाळ मूत्रमार्गात पातळ पडदा घेऊनच जन्माला आले तर? खडा बोटाला लागतो, पडदा लागत नाही. मग ‘बाळ तापाळ आहे’ म्हणायचे आणि दृष्ट काढायची!

हा दोष केवळ मुलग्यांत, तोही 5 ते 8 हजारांत एखाद्याला आढळतो. लघवी अडते, मूत्राशय फुगते आणि उलटा दाब मूत्रपिंडांवर बसतो. बाल्टिमोरच्या ह्यू यंग या शल्यवैद्याने 1919 साली दुर्बिणीच्या साहाय्याने या पडद्याचे तीन प्रकार सांगितले. पुढे 1929 साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मोझेस स्विक या तरुण डॉक्टराने शिरेत आयोडीनयुक्त औषध टोचून मूत्रपिंडांची क्ष-किरण छाया उमटविली. सुरी न लावता आतली वाट दिसू लागली.

योगायोग पाहा, त्याच 1929 साली परळच्या गिरणगावात बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय उघडले. पुढे 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे पुष्कळसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले. माग गेले, रुग्णालय परळलाच राहिले. असल्या नाजूक शस्त्रक्रियेसाठी भिवंडीच्या मागवाल्याला बहुधा मुंबईचीच वाट धरावी लागते, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली.

मुलांची घराजवळ तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो पालघरला. तेव्हा पालघर भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात होते. पण त्याच्या मूळ यादीतील 9 जन्मदोषांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, मूत्रमार्ग नाही. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्याची उपेक्षा व्हायचीच!

आता पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत गर्भाची फुगलेली मूत्रपिंडे पुष्कळदा दिसतात. ती तपासणी चुकली, तर पहिली शंका न्हाऊ घालणाऱ्या आजीलाच यावी लागते: धार बारीक आहे, थेंबथेंब गळते, ओटीपोट टणक लागते. मग मूत्राशयात नळीने औषध सोडून बाळ लघवी करीत असताना क्ष-किरण चित्रे घेतात. पडदा ठरला की दुर्बिणीतूनच तो छेदतात, पोटावर टाकाही पडत नाही. मात्र तोवर मूत्रपिंडांना झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही. म्हणून मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला तरी त्याच्या रक्ताची, रक्तदाबाची व मूत्रपिंडांची तपासणी चालूच ठेवावी लागते.