ब्यूलीचा मोटारबाजार

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात ब्यूली येथे लॉर्ड माँटेग्यू यांनी १९५२ मध्ये मोटारींचे संग्रहालय उघडले, ते मोटारीचे आद्य पुरस्कर्ते असलेल्या आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ. त्याच परिसरात १९६७ पासून जुन्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला. अमेरिकेत हर्शी येथे असा बाजार त्याआधीच सुरू झाला होता. कारखाना बंद पडला की त्याच्या गाड्यांचे भाग मिळेनासे होतात. मग मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, पितळी दिवे, माहितीपुस्तिका अशा बाजारांतल्या ढिगांतूनच शोधाव्या लागतात. गंजलेला तुकडाही मोलाचा ठरतो, कारण तो नमुना धरून नवा भाग घडवता येतो. बंद पडलेल्या कित्येक गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या, त्यामागे संग्रहालयांइतकेच श्रेय या बाजारांचे आहे. ब्यूलीत सप्टेंबरमध्ये देशोदेशीचे विक्रेते आणि शौकीन जमतात.