शिडापासून एलईडीपर्यंत : थळच्या होड्यांवरची साधने

अलिबागच्या उत्तरेला थळचा किनारा आहे आणि त्याच्या समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी ही जोडबेटे आहेत. थळच्या साधनांचा इतिहास बेटे आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यापासूनच सुरू होतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तट उभारायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची कोंडी केली, तरी किनाऱ्यावरून बेटाकडे रसद जातच राहिली. इंग्रजांची जहाजे तोफांनी भारी होती, पण त्यांना खोल पाणी आणि अनुकूल वारा लागे. मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर वारा पडला तरी चालत आणि रात्री खडकांमधून वाट काढत. या होड्या बांधणारे आणि वल्हवणारे हात या किनाऱ्यावरचेच होते. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होडीत फार बदल झाला नाही.

शिडाच्या काळात होडीवरची साधने मोजकी होती : शीड, वल्ही, नांगर आणि खोली मोजायला वजन बांधलेली दोरी. बाकीचे ज्ञान तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, डोक्यात असे. डोंगराचे टोक आणि एखादे उंच झाड एका रेषेत आले की मासेमारीची जागा सापडे. रात्री नक्षत्रे वाट दाखवत. उधाण आणि भांग यांच्या हिशोबाने डोल लावली जाई, कारण भरती-ओहोटीच्या ओढीशिवाय ती पिशवीसारखी जाळी भरत नाही. जाळी सणाची किंवा सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत, उन्हात वाळवत आणि पुन्हा बुडवत. घराघरांत चालणाऱ्या या कामात बायका-मुलांचेही दिवसचे दिवस जात. मात्र असे जाळे हरवले तर काही काळाने समुद्रातच कुजून जाई, आणि हा गुण किती मोलाचा होता हे जाळी बदलल्यावर दिसून आले.

या किनाऱ्यावरचे पहिले मोठे आधुनिक यंत्र मासेमारांसाठी आलेलेच नव्हते. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांची वर्दळ वाढत होती आणि दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला. अष्टकोनी मनोऱ्यावरची ही बत्ती मोठ्या जहाजांना खडकांपासून सावध करण्यासाठी होती, पण तिचा लाभ थळच्या होड्यांनाही झाला. आभाळ झाकले असले तरी काळोखात परतीची दिशा मिळू लागली. ही बत्ती कोणाचा मासा पळवत नव्हती आणि तिच्यासाठी कोणाला काही मोजावे लागत नव्हते. त्यानंतर आलेल्या फार थोड्या साधनांबद्दल असे म्हणता येईल.

खरी उलथापालथ इंजिनाने केली. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सरकारी कर्जे आणि सहकारी सोसायट्या यांच्या आधाराने कोकणच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसू लागली. वारा पडला म्हणून भर समुद्रात अडकून राहणे संपले, मासळी ताजी असताना बाजार गाठता येऊ लागला आणि खलाशांच्या खांद्यांवरचा भार उतरला. हे सुख लहान नव्हते. वल्ही मारून झिजलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते. पण वाऱ्याला पैसे पडत नसत आणि डिझेलला पडतात. प्रत्येक फेरीचा खर्च आधीच ठरला, त्यामुळे रिकाम्या हाताने परतणे परवडेनासे झाले. होडी अधिक दूर गेली, समुद्रात अधिक दिवस राहिली, जाळेही मोठे झाले. पुढे तळ खरवडत जाणारे ट्रॉलर आले, तेव्हा लहान होड्यांचे आणि त्यांचे पाणी एकच असल्याने संघर्ष सुरू झाला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ याच पार्श्वभूमीवर झाला. किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मासेमारीला राखून ठेवण्याचा विचार त्यात आहे.

इंजिनाबरोबर नायलॉन आले. त्याला साल लागत नाही, वाळवावे लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे टिकते. घरातले एक मोठे काम संपले. पण तुटून समुद्रात राहिलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही. कोणी ओढणारे नसतानाही त्यात मासे, खेकडे आणि कासवे अडकत राहतात.

बर्फामुळे मासळी टिकू लागली आणि मुंबईच्या बाजाराची ताज्या मासळीची मागणी पुरवता येऊ लागली. बोंबील आणि जवळा उन्हात वाळवण्याचे जुने तंत्र मागे पडले नाही, पण जास्त भाव मिळणारी मासळी थर्माकोलच्या पेटीतून शहराकडे जाऊ लागली. बर्फासाठी वीज लागते. पेटी फुटली की तिचे पांढरे दाणे भरतीच्या रेषेवर पसरतात आणि गोळा करणे जवळजवळ अशक्य होते. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलाला बांबू, दोरी आणि ऊन एवढेच लागे.

  

लहान इलेक्ट्रॉनिक साधने मात्र माणसाच्या जिवाच्या बाजूने उभी राहिली. ट्रान्झिस्टरवर हवामानाची बातमी ऐकू येऊ लागली, वायरलेसवर एक होडी दुसरीला हाक मारू लागली. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. सुमारे शंभर मीटरची अचूकता दहा-वीस मीटरवर आली आणि लहान होडीवरचा स्वस्त संचही तांडेलाच्या निशाणीइतका भरवशाचा ठरला. जागा आता डोंगर आणि झाडाऐवजी आकड्यांत जपली जाऊ लागली. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी समुद्रमार्गे आले. त्यानंतर होड्यांची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रे आणि राज्यवार रंग यांची सक्ती वाढली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. मोबाइलचे जाळे पोहोचत नाही अशा पाण्यातूनही संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवता यावा, हा त्यामागचा हेतू आहे. त्याआधी, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यांचे मोल कळले होते. होड्यांना परत बोलावणारे संदेश आधीच पोहोचले होते. पण वादळानंतर रायगडच्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद राहिले, आणि घरोघरीचे व्यवहार केवढे विजेच्या एका तारेवर टांगलेले आहेत हेही दिसले.

दुसऱ्या साधनांचा रोख माणसाकडून माशाकडे वळला. फिशफाइंडर ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचा थवा पडद्यावर दाखवतो. १९९९ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी मोजलेल्या पृष्ठतापमानावरून आणि हरितद्रव्यावरून मासा कुठे असू शकेल याची सूचना देते. त्यामुळे डिझेल वाचते, हा तिचा खरा लाभ. मात्र शोध जितका अचूक होतो, तितकी माशाला निसटायला जागा कमी उरते. एलईडी मासेमारीने हे टोकाला नेले. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे पाण्यावर सोडले की प्रकाशाकडे ओढलेली लहान-मोठी मासळी एका जागी गोळा होते आणि एकाच फेरीत उचलली जाते. त्यात अजून अंडी न घातलेली पिलेही जातात. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मोठ्या जाळ्याने थवा घेरून केली जाणारी पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली, तर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांनी मासेमारी करण्यावर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याच्या कायद्यातले दंड लाखांच्या घरात गेले. बंदी योग्य आहे, पण तिचा उपयोग रात्रीच्या गस्तीवर अवलंबून आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात होड्या वर ओढून ठेवणारा लहान मासेमार जे सोसतो, ते दूरवरच्या दिव्यांखाली वाया जाऊ नये, ही त्याची मागणी न्याय्य आहे.

साधने निकामी झाली की त्यांचा भार किनाऱ्यावरच राहतो. बॅटरीतले शिसे आणि आम्ल, संचांतल्या पट्ट्यांवरचे धातू, नायलॉनचे तुकडे आणि थर्माकोल यांचा यात समावेश होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी निकामी उपकरणे परत घेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. मात्र ही व्यवस्था शहरातल्या दुकानांभोवती उभी आहे. मासेमारी बंदरांवर जुन्या बॅटऱ्या आणि तुटकी जाळी जमा करण्याची सोय झाली, तर नियमांचा लाभ होडीपर्यंत पोहोचेल.