पानाच्या शिरेंतील दोन वाटा

नेसरी हें नांव उच्चारतांच मराठी वाचकास प्रतापराव गुजर आठवतात. उमराणीच्या लढाईनंतर बहलोलखानास जाऊं दिल्याबद्दल महाराजांचा रोष झाला; त्या शब्दांचा घाव सहन न होऊन सरनोबतांनीं सहा स्वारांनिशीं शत्रुसैन्यावर उडी घेतली आणि ता. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं येथें सातही वीर पडले. हा इतिहास सर्वतोमुखीं आहे. परंतु याच मुलखांतील उंसाच्या फडांशीं व पावसाळी रानांतील लाजाळूशीं निगडित असा एक निराळा इतिहास आहे. त्याकडे आमच्या सुशिक्षित वर्गाचें लक्ष क्वचितच जातें. पानांतून अन्न कसें वाहतें आणि एका पानाची वार्ता दुसऱ्यास कशी पोंचते, या दोन प्रश्नांचा तो इतिहास होय. त्याच्या ऐन मध्यभागीं एका भारतीय विद्वानाचें नांव असल्यामुळें तो आम्हांस विशेष विचारणीय वाटतो.

योगायोग असा कीं, नेसरीच्या रणानंतर वर्षभरानें, १६७५ सालीं, मार्चेल्लो मालपीगी या इटालियन वैद्याच्या वनस्पतिशरीरावरील ग्रंथाचा पहिला भाग लंडन येथें प्रसिद्ध झाला. सालीचें कडें काढून टाकलें असतां त्याच्या वरचा भाग फुगतो, खालचा फुगत नाहीं, हें या गृहस्थानें प्रयोगानें दाखविलें; म्हणजे पानांत तयार झालेलें अन्न सालींतून खालीं उतरतें. पुढें १७२७ मध्यें स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें पानांतून बाष्परूपानें उडणाऱ्या पाण्याचीं मापें प्रसिद्ध केलीं. मुळांकडून वर येणारें पाणी पानेंच खेंचून घेतात, ही कल्पना त्यामुळें दृढ झाली. डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनीं १८९४ मध्यें या ओढीची उपपत्ति लावली: पाण्याचे कण एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं, वरचें पाणी उडालें म्हणजे खालची सलग धार ओढली जाते. उरला प्रश्न साखरेचा. त्याचें उत्तर १९३० मध्यें अर्न्स्ट म्युंख या जर्मन अभ्यासकानें दिलें. पानाकडील नळींत साखर दाटली म्हणजे ती शेजारचें पाणी शोषून घेते, तेथील दाब वाढतो, आणि साखर जेथें खर्चली वा सांठविली जाते तिकडे रस ढकलला जातो. याप्रमाणें प्रत्येक शिरेंत दोन वाटा आहेत: मृत, पोकळ पेशींची जलवाहिनी आणि सजीव पेशींची रसवाहिनी. पहिली ओढीनें चालते, दुसरी दाबानें.

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ति ज्या उंसावर उभी आहे, त्यानें या शोधांत मोठीच भर घातली. हवाई बेटांत कॉर्टशॅक, हार्ट व बर यांनीं १९६५ मध्यें उंसाचें पान कर्बवायु कसा घेतें हें प्रसिद्ध केलें, आणि पुढल्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत हॅच व स्लॅक यांनीं त्या क्रियेचा मार्ग उलगडला. यांपैकीं कॉन्स्टन्स हार्ट या विदुषीनें किरणोत्सर्गी कर्ब एका पानास देऊन त्याची साखर कांड्यांत उतरतांना पाहिली. तेव्हां वैरणीसाठीं उभ्या उंसाचीं हिरवीं पानें ओरबाडणारा शेतकरी केवळ पाला नेत नाहीं, कांड्यांत येऊं घातलेली साखरही नेतो. वाळलेलें पाचट काढण्याची गोष्ट वेगळी.

आतां दुसरा प्रश्न. लाजाळूच्या एका टोंकास इजा झाली असतां दूरचीं पानें कां मिटतात? ही वनस्पति मूळची अमेरिकेंतली, पण येथें इतकी रुळली आहे कीं पोरासोरांसही तिचा स्वभाव ठाऊक. लंडनच्या बर्डन सँडरसन यांनीं १८७३ मध्यें कीटकभक्षक वनस्पतीच्या पानांत विजेचा क्षणिक पालट नोंदविला होता. परंतु सामान्य वनस्पतीही आघातास विजेनें उत्तर देतात, असें जगदीशचंद्र बोस यांनीं १९०१ मध्यें रॉयल सोसायटीपुढें मांडलें तेव्हां आक्षेप घेणाऱ्यांत सँडरसनच अग्रभागीं होते! बोस डगमगले नाहींत. १९१७ मध्यें त्यांनीं कलकत्त्यास आपलें विज्ञानमंदिर उभारलें, आणि १९२० मध्यें त्याच सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें.

दरम्यान १९१६ मध्यें रिक्का या इटालियन संशोधकानें लाजाळूच्या जातीचें एक खोड कापून दोन तुकडे पाण्याच्या नळीनें जोडले; तरीही इजेचा परिणाम पलीकडे पोंचला. अर्थात् निरोप नेणारें एखादें द्रव्य असून तें पाण्याबरोबर जलवाहिनींतून जातें, असा निष्कर्ष त्यानें काढला. बोस यांचें म्हणणें अगदीं उलट. थंडीनें व विषानें निरोप थांबतो, अर्थात् तो सजीव पेशींतून जातो. आणि बारीक विद्युत्-शलाका देठांत खुपसून त्यांनीं ती वाट रसवाहिनींतच असल्याचें दाखविलें. १९२६ च्या ग्रंथांत त्यांनीं तिला वनस्पतीची नाडीच म्हटलें.

या वादाचा निकाल लागण्यास जवळजवळ शतक गेलें. २०१८ मध्यें जपानी व अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, सुरवंटानें पान कुरतडतांच जखमेंतून ग्लुटामेट नांवाचें द्रव्य सुटतें, आणि कॅल्शियमची लाट शिरांवाटे कांहीं मिनिटांत दूरच्या पानांत जाऊन तेथें संरक्षणाची तयारी सुरू होते. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील अभ्यासकांनीं ही विद्युत्-वार्ता पोंचण्यास दोन प्रथिनें लागतात असें सिद्ध केलें: त्यांतलें एक रसवाहिनींत आढळतें, दुसरें जलवाहिनीस चिकटलेल्या पेशींत. म्हणजे रिक्काही खरा आणि बोसही खरे. प्रत्येकानें शिरेंतील एकेक वाट पाहिली होती. २०२२ मध्यें तर असेंही दिसून आलें कीं, ज्या लाजाळूचीं पानें मिटत नाहींत तिला टोळ अधिक खातात. ज्यास आपण लाज म्हणतों तो तिचा बचाव आहे.

बोस यांच्याविषयीं आमच्याकडे दोन टोंकें दिसतात. कोणी त्यांच्या प्रयोगांतून झाडांस आत्मा व मन असल्याचा दाखला काढतात. कोणी तें सारें कविकल्पना म्हणून बाजूस सारतात. दोन्ही पक्ष त्यांच्यावर अन्याय करतात. वनस्पतींस मेंदू नाहीं. त्यांच्या निरोपास नाडी म्हणणें हें रूपक आहे. पेशींच्या स्पंदनानें रस वर चढतो हें त्यांचें मतही पुढें टिकलें नाहीं, तेथें डिक्सनच बरोबर ठरले. परंतु निरोप विजेचा आहे आणि तो रसवाहिनींतून जातो, हें जें त्यांनीं मोजून सांगितलें तें टिकलें. मोठ्या माणसाचा खरा मान त्याच्या प्रत्येक वाक्यास मान डोलविण्यांत नसून, त्यांतलें कोणतें कसोटीस उतरलें हें निवडून जपण्यांत आहे.