डिथिरॅम्ब स्पर्धा
प्राचीन अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या वसंतोत्सवात होणारी समूहगीतांची स्पर्धा. इ. स. पू. ५०८ च्या सुमारास, लोकशाही सुधारणांच्या काळात, तिला गणवार रूप आले. नागरिकांच्या दहा गणांपैकी प्रत्येकाचा ५० पुरुषांचा एक आणि ५० मुलांचा एक वृंद उतरे; म्हणजे एकाच उत्सवात १,००० जण गात-नाचत. नागरी जीवनात संगीत किती खोल रुजले होते, हे या आकड्याइतके दुसरे काही सांगत नाही.

वृंदाचा खर्च गणातील धनिक, म्हणजे कोरेगोस, करी. हे काम सक्तीचे, तरीही मोठ्या मानाचे. इ. स. पू. ३४८ मध्ये कोरेगोस असलेल्या डेमॉस्थिनीझ या वक्त्याला मायडियसने भर नाट्यगृहात ठोसा मारला. त्याविरुद्ध डेमॉस्थिनीझने रचलेले भाषण आजही उपलब्ध आहे.

कवी बहुधा परगावचे असत. केऑसचा सिमोनिडीझ आणि थीब्झचा पिंडर हे त्यांतले थोर. आयसॉक्रटीझ या वक्त्याच्या म्हणण्यानुसार, पिंडरने अथेन्सची स्तुती केल्याबद्दल नगराने त्याला १०,००० द्राख्मा दिले.

विजयी गणाला तिवई मिळे आणि कोरेगोस ती चबुतऱ्यावर उभारी. लायसिक्रटीझचे इ. स. पू. ३३५–३३४ मधील असे स्मारक ॲक्रॉपलिसच्या पायथ्याशी आहे. मुलांच्या वृंदाच्या त्या विजयाच्या कोरीव लेखात गणाचे, औलोस या सनईसारख्या जोडवाद्याचा वादक थिऑनचे आणि वृंदशिक्षक लायसायडीझचेही नाव आहे. वादकाचे नाव शिक्षकाच्या आधी येते. वादकांची वाढलेली प्रतिष्ठा त्यातून उघड दिसते.