वैमानिकांचे गुरुजी : चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन



एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजलेल्या व्याख्यानमालेत बोलावयाचे, तर विषयही शिक्षकाचाच असावा, असे मी ठरविले. बेळगावच्या वेशीवर सांबऱ्यास वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे विमान ही आपल्याला अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. परंतु विमान चालवावयास शिकण्याचा अधिकारच ज्या समाजाला नाकारला गेला होता, त्यातून एक वैमानिक कसा घडला आणि त्याने आपल्या मागून येणाऱ्यांना कसे घडविले, हा इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाही. चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन हे त्यांचे नाव. त्यांचे विद्यार्थी मात्र त्यांना 'चीफ' म्हणत.

त्यांच्या कर्मभूमीचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव मराठी घराघरांत पोहोचले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये उभारलेल्या तेथील संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली दाखल झाले आणि १९४३ च्या जानेवारीत तेथेच निवर्तले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत, १९४० साली, अँडरसन त्या संस्थेत आले. एकाने मातीची विद्या शिकविली, दुसऱ्याने आकाशाची, संस्था एकच.

अँडरसन यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर येथे झाला. विमानाचे वेड लहानपणापासूनचे. पण कृष्णवर्णीय तरुणाला विमान शिकविण्यास कोणतीही शाळा राजी होईना. त्यांच्या आधी बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीवर हाच प्रसंग आला होता. तिने फ्रान्स गाठले आणि १९२१ मध्ये तेथून परवाना मिळविला. अँडरसन यांनी वेगळा मार्ग धरला. मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून सुमारे २,५०० डॉलर उसने घेऊन त्यांनी एक जुने विमानच विकत घेतले. शिक्षक मिळत नाही, तर निदान पाठ्यपुस्तक तरी स्वतःचे असावे, असाच हा प्रकार होता.

पुढे रसेल थॉ नावाचा एक वैमानिक भेटला. त्याच्याजवळ परवाना होता, विमान नव्हते. आणि आईला भेटावयास त्याला अटलांटिक सिटीस जावयाचे असे. अँडरसन यांनी विमान द्यावे व सोबत बसावे, थॉ याने ते चालवावे, असे ठरले. शेजारी बसून, पाहून पाहून, अँडरसन शिकत गेले. १९२९ मध्ये त्यांना खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यानंतर जर्मनीहून आलेल्या अर्नेस्ट बुएल या अनुभवी वैमानिकाने त्यांना रीतसर शिकविले आणि परीक्षेस बसू द्यावे म्हणून त्यांची बाजूही घेतली. १९३२ च्या फेब्रुवारीत अँडरसन यांना वाहतूक-वैमानिकाचा परवाना मिळाला. हा परवाना मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

त्याच वर्षी गर्ट्रूड नेल्सन या आपल्या लहानपणच्या मैत्रिणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे या दांपत्यास दोन मुलगे झाले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. साहसी पुरुषांच्या चरित्रांत घर बहुधा समासात लिहिले जाते. येथे मात्र परवाना आणि संसार एकाच वर्षी सुरू झाले, आणि त्या परवान्याच्या बळावर विमान कंपनीत नोकरी मिळण्याची आशा नव्हती. प्रवासी विमान कंपन्यांची दारे कृष्णवर्णीय वैमानिकांना बंद होती. त्याविरुद्धच्या एका वैमानिकाच्या लढ्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात यश आले ते १९६३ साली.

जुलै १९३३ मध्ये अँडरसन आणि डॉ. आल्बर्ट फोर्साइथ यांनी अटलांटिक सिटीहून लॉस एंजेलिसपर्यंत जाऊन परत येण्याचे उड्डाण केले. अमेरिका खंड असा येता-जाता ओलांडणारे ते पहिले कृष्णवर्णीय वैमानिक ठरले. विमानात ना रेडिओ, ना हवाई छत्री, ना उतरताना लागणारे दिवे. १९३४ मध्ये 'स्पिरिट ऑफ बुकर टी. वॉशिंग्टन' असे नाव दिलेल्या विमानातून या दोघांनी कॅरिबियन बेटांचा सदिच्छा दौरा केला. वर्णाने कौशल्य ठरत नाही, हे त्यांना युक्तिवादाने नव्हे, तर प्रत्यक्ष करून दाखवावयाचे होते.

याची गरज का होती, हे पाहावे. अमेरिकन लष्कराच्या युद्ध महाविद्यालयाने १९२५ साली तयार केलेल्या एका अहवालात कृष्णवर्णीय सैनिकांना बुद्धी आणि धैर्य या दोन्ही बाबतींत कमी लेखले होते. वायुदलात त्यांना मज्जाव होता. १९३९ मध्ये नागरी वैमानिक प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली आणि तीत काही कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनाही स्थान मिळाले. अँडरसन प्रथम हॉवर्ड विद्यापीठात आणि १९४० पासून टस्कीगीत उड्डाण-शिक्षक झाले.

२९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीस आल्या असता अँडरसन यांच्या छोट्या विमानात बसून त्यांनी आकाशात फेरी मारली. सुरक्षा अधिकाऱ्यांचा विरोध त्यांनी मानला नाही. या एका फेरीमुळेच कृष्णवर्णीयांना वायुदल खुले झाले, अशी आख्यायिका आहे. इतिहास तसे सांगत नाही. तो निर्णय जानेवारीत जाहीर झाला होता आणि ९९ वे पथक २२ मार्च रोजी अस्तित्वातही आले होते. मात्र रूझवेल्टबाई ज्या रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्त होत्या, त्या निधीने टस्कीगीतील मोटन फील्ड या विमानतळासाठी १,७५,००० डॉलरचे कर्ज दिले. आणि त्या फेरीच्या छायाचित्राने लोकमताचे काम केले. आख्यायिका वजा केली, तरी अँडरसन यांचे श्रेय उणे होत नाही. कारण त्यांचे खरे कार्य त्या फेरीत नसून रोजच्या अध्यापनात होते.

ते अध्यापन कसे होते? त्या शिकाऊ विमानांत दोन आसने एकामागे एक असत आणि दोहोंपुढे सारखीच नियंत्रणे असत. शिक्षक प्रथम स्वतः विमान चालवितो, मग हळूहळू हात काढून घेतो. विद्यार्थ्याची चूक सुधारण्यास त्याने फार उशीर केला, तर दोघांच्याही जिवावर बेतते. फार घाई केली, तर विद्यार्थी काहीच शिकत नाही. आणि एके दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरतो व विद्यार्थ्यास एकट्याने आकाशात पाठवितो. आपल्याविना विद्यार्थ्याचे चालावे, हेच ज्याचे साध्य, त्या व्यवसायाचे इतके स्वच्छ चित्र मला अन्यत्र दिसलेले नाही.

टस्कीगीत लष्करी उमेदवारांचे प्राथमिक उड्डाण-शिक्षण मोटन फील्डवर नागरी शिक्षकांकडे असे आणि त्या शिक्षकांचे प्रमुख अँडरसन होते. पहिल्या तुकडीत १३ जण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यांतील ५ उत्तीर्ण झाले. १९४६ पर्यंत जवळजवळ १,००० वैमानिक तेथून तयार झाले. पहिल्या तुकडीतील बेंजामिन डेव्हिस पुढे सेनापती झाले. तेथेच शिकलेले डॅनियल जेम्स हे १९७५ मध्ये चार तारे मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय सेनापती ठरले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यदलातील वर्णभेद संपविण्याचा आदेश काढला. त्यामागील अनेक कारणांपैकी एक कारण या तरुणांनी युरोपच्या आकाशात सिद्ध केलेली पात्रता हेही होते.

युद्ध संपले, विद्यार्थी पांगले; गुरुजी टस्कीगीतच राहिले. पुढेही अनेक वर्षे ते येईल त्याला शिकवीत होते, मग तो काळा असो वा गोरा. १३ एप्रिल १९९६ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्याच गावी त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. विद्या नाकारणे हीच दास्याची पहिली कडी, हे जोतीराव जाणत होते. म्हणूनच अँडरसन यांची कथा मला परकी वाटत नाही. ज्याला दार बंद मिळते, तो पुष्कळदा कडवट होतो, किंवा स्वतः आत शिरल्यावर दार लावून घेतो. अँडरसन यांनी दोन्ही टाळले. स्वतःला कष्टाने मिळालेली विद्या त्यांनी पुढच्यांना सुलभ करून दिली. आपल्या गावातही एखाद्या मुलाला वा मुलीला 'हे तुझ्यासाठी नव्हे' असे कोणी सांगत असेल, तर तिच्या शेजारच्या आसनावर जाऊन बसण्याचे कर्तव्य या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचे आहे. ज्या गुरुवर्यांच्या नावे आपण येथे जमलो आहोत, त्यांना याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.